नागनदीचा काठ आणि आपण

नागनदीचे पुनरुज्जीवन, तलावांचे सौंदर्यीकरण, पाण्याकाठच्या नव्या वसाहती आणि त्यांतून होणारी शहराची आर्थिक भरभराट हे शब्द नागपूरकरांच्या कानांना आता नवे राहिलेले नाहीत. सभांतून ते ऐकू येतात, फलकांवर दिसतात, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर छापून येतात. नदी स्वच्छ व्हावी याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि नदीचा काठ ज्यांनी आजवर वसविला, त्यांचे काय होणार, हा प्रश्न या सर्व चर्चेत कोणी विचारीत नाही. तो विचारण्यापूर्वी हा काठ आपल्या वाट्याला कसा आला, हे इतिहासात डोकावून पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखात मी तेवढाच प्रयत्न करणार आहे.

या विषयाकडे मी त्रयस्थपणे पाहू शकत नाही, हे आरंभीच सांगतो. माझा जन्म नागनदीच्या काठच्या एका वस्तीत, दीक्षेनंतरच्या वर्षी झाला. बा एम्प्रेस मिलच्या रिंगखात्यात होता. माय घरी विड्या वळीत असे. पुढे मी शिक्षक झालो, वस्ती सोडली, लेआऊटमध्ये घर बांधले. गेल्या वर्षी मुलाने एक गोष्ट काढली. गांधीसागर तलावाच्या परिसरात एक सदनिका आहे, गॅलरीतून पाणी दिसते, उतारवयात तुम्हांला बरे वाटेल, असे तो म्हणाला. मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. माझ्या बापाने ज्या परिसरात तीस वर्षे सूत काढले, त्या परिसरातले पाणी आता 'दिसण्यासाठी' विकले जात होते. या लेखाचा उगम त्या अवघडलेपणात आहे.

१

नागपूर हे पाण्याने घडविलेले शहर आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून हे नगर वसविले, असे इतिहास सांगतो. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानाने येथे राजधानी आणली. शहराच्या मध्यभागी असलेला जुम्मा तलाव, ज्याला लोक शुक्रवारी तलावही म्हणतात आणि ज्याचे नाव पुढे गांधीसागर झाले, तो गोंड राजवटीचा वारसा आहे. नंतर भोसले आले. अंबाझरी, तेलंगखेडीचा फुटाळा, सक्करदरा, सोनेगाव या तलावांशी त्यांचे नाव निगडित आहे. १८५३ मध्ये डलहौसीने भोसल्यांचे राज्य खालसा केले आणि १८७० च्या सुमारास इंग्रजांनी अंबाझरीचा बांध वाढवून तेथून शहराला पाणी पुरविले. शहर वाढत गेले तसे हे पाणी अपुरे पडू लागले. मग गोरेवाडा, कन्हान आणि पेंच यांच्याकडे शहराने हात पसरला.

तलाव राजांच्या नावे नोंदले गेले. बांधावर माती टाकणाऱ्यांची नावे कोठल्याही बखरीत सापडत नाहीत. या देशातील इतिहासलेखनाची ही जुनीच रीत असल्यामुळे तिचे आश्चर्य वाटावयास नको. मात्र पाणी कोठून कोठे वाहते आणि माणसे कोठे कोठे बसविली जातात, यांतील नाते आपण नीट समजून घेतले पाहिजे.

नागनदी शहराच्या पश्चिमेला, लाव्हाच्या टेकड्यांकडे उगम पावते. अंबाझरीपासून ती शहरात शिरते आणि सुमारे १७ किलोमीटर वाहत पूर्वेला पारडीकडे बाहेर पडते. उत्तरेकडून आलेली पिवळी नदी पुढे तिला मिळते, दोघी मिळून कन्हानला मिळतात, कन्हान वैनगंगेला मिळते आणि ते सर्व पाणी गोसीखुर्दच्या धरणात जाऊन थांबते. इंग्रज साहेबांचे बंगले, सिव्हिल लाइन्स आणि नंतरच्या श्रीमंत वसाहती पश्चिमेला, म्हणजे पाण्याच्या वरच्या अंगाला उभ्या राहिल्या. गिरणी कामगार, विणकर आणि हातावर पोट असलेली माणसे मध्य, उत्तर व पूर्व भागांत सखल जागी राहिली. गावात वरचा पाणवठा सवर्णांचा आणि खालचा आपला, असा नियम होता. त्यांनी वापरून सोडलेले पाणी आपल्याकडे यावयाचे, आपण शिवलेले पाणी त्यांच्याकडे जाता कामा नये. शहरात हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता. जमिनीच्या भावाने तो आपोआप अमलात आणला.

२

आपली माणसे या काठावर आली कशी? नागपूर प्रदेशातला महार समाज केवळ येसकरी आणि कोतवाली करणारा नव्हता. जाडेभरडे सुती कापड विणणे हा त्याचा मोठा धंदा होता. तलम कापड कोष्टी विणीत, जाड कापड महार विणीत. गिरणीचे स्वस्त सूत आणि कापड बाजारात आले तसा हा धंदा बसत गेला. त्यात १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन भीषण दुष्काळ पडले. गावात काम नाही, विहिरीवर हक्क नाही आणि शहरात मात्र गिरणीचा भोंगा वाजतो आहे, अशा स्थितीत माणसे शहराकडे चालू लागली.

ही गिरणी म्हणजे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल. ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले. तिच्यावरूनच गिरणीचे नाव पडले. वाफेवर चालणाऱ्या गिरणीला पाणी हवे, कापूस हवा, रेल्वे हवी. रेल्वे १८६७ मध्येच नागपुरात आली होती, कापूस भोवताली पिकत होता, जुम्मा तलाव शेजारी होता. जागा दलदलीची होती. ती मातीने भरून काढावी लागली. एका मारवाडी सावकाराने भांडवल देण्याचे नाकारले, कारण त्याच्या मते हा गृहस्थ जमिनीत सोने पुरीत होता. पुढे गिरणीची भरभराट झाल्यावर त्याच सावकाराने कबूल केले, की टाटांनी जमिनीत माती टाकली आणि सोने काढले. ही आख्यायिका नागपुरात मोठ्या कौतुकाने सांगितली जाते.

मला तिच्यात एक गोष्ट अपुरी वाटते. सोने मातीतून निघाले नाही, ते रिंगखात्यात उभ्या असलेल्या माणसांच्या श्रमातून निघाले. रिंग पद्धतीच्या चात्या हिंदुस्थानात प्रथम वापरणाऱ्या गिरण्यांत एम्प्रेसचे नाव घेतले जाते. १८८० च्या दशकात तेथे हे प्रयोग झाले. या गिरणीने कामगारांसाठी अपघात भरपाई आणि भविष्य निर्वाह निधी यांसारख्या सोयी कायदा होण्यापूर्वीच सुरू केल्या, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. आपला समाज गिरणीमुळे बदलला. महिन्याला रोख पगार हाती आला. बलुत्याच्या भाकरीसाठी दारोदार उभे राहण्याची पाळी संपली. त्या रोख पैशातून वर्गणी दिली गेली, वर्तमानपत्र विकत घेतले गेले, मुले शाळेत गेली. किसन फागुजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये मुलींची शाळा काढली. जाईबाई चौधरी स्थानकावर ओझी वाहून शिकल्या आणि १९२२ मध्ये त्यांनी मुलींसाठी चोखामेळा शाळा सुरू केली. या कार्यामागे श्रमिक वस्त्यांचे बळ होते.

म्हणूनच मी असे म्हणतो की पाण्याकाठचे पहिले आर्थिक पुनरुज्जीवन नागपुरात १८७७ मध्येच झाले, आणि त्यात आपला वाटा श्रमाचा होता. आर्थिक बदल झाला, सामाजिक बदल मात्र त्याच्या मागून आपोआप आला नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे आणि सवर्ण कामगाराला ती उष्टावळ चालत नसे. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. यंत्र आले म्हणून जात जात नाही, हा धडा तेव्हाचा आहे. इमारत उंच झाली म्हणूनही ती जात नाही, एवढीच भर मी आज त्यात घालतो.

३

पाण्याचा आणि आपल्या मुक्तीचा संबंध महाडपासून सर्वांना ठाऊक आहे. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये बोले यांचा ठराव झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले, आणि तरीही पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये मिळाला. ठराव कागदावर होता. पाणी तळ्यात होते. मध्ये दहा-चौदा वर्षांचा लढा होता. पाण्याविषयी कोणतीही योजना वाचताना मी हे अंतर मनाशी मोजीत असतो.

नागपूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी येथे धम्मदीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात, दीक्षेसाठी नागपूरच का निवडले, याचे उत्तर त्यांनी दिले. नाग लोकांनी बौद्ध धम्माचा प्रसार केला, त्यांची वस्ती या भागात होती, आणि येथून वाहणाऱ्या नदीचे नावही त्या लोकांवरून पडले असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आजचा इतिहाससंशोधक या व्युत्पत्तीवर वाद घालू शकेल, त्याला माझी ना नाही. पण या प्रतिपादनाने काय साधले, ते पाहण्यासारखे आहे. लोक जिला नाला म्हणून नाक मुरडीत होते, ती नदी एका क्षणात आपल्या पूर्वजांच्या नावाची झाली. माझा बा त्या गर्दीत होता. म्हातारपणी तो सांगे, "तवापासून मी नदीले नाला म्हणणं सोडलं. आपलं नाव हाय तिले, पोरा."

या नदीचे पाणी ज्या कन्हानला जाऊन मिळते, तिच्या काठी कामठीचे एल. एन. हरदास यांची समाधी आहे. विडी कामगारांची संघटना बांधणारा, १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधिमंडळात निवडून गेलेला आणि 'जय भीम' हे अभिवादन ज्यांच्या नावाशी जोडले जाते तो हा तरुण पुढारी १९३९ मध्ये, उणेपुरे पस्तीस वर्षांचे आयुष्य जगून गेला. दरवर्षी जानेवारीत लोक त्या काठावर जमतात. सांगावयाचे एवढेच की पाण्याचा काठ आपल्या दृष्टीने देखावा नाही. तो आपल्या स्मृतीचा आणि कष्टाचा पत्ता आहे.

४

आता वर्तमानाकडे येतो. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. मॉडेल मिलचेही दिवस संपले. गिरणीच्या जमिनीवर मॉल उभा राहिला. जेथे पाळी बदलताना हजारो माणसे आत-बाहेर करीत, तेथे आता वातानुकूलित दुकाने आहेत. याला शहराचे आर्थिक पुनरुज्जीवन म्हणतात. मी त्या मॉलमध्ये गेलो आहे. पहारेकरी, झाडूवाले, सामान उचलणारी पोरे यांच्याशी बोललो आहे. त्यांतले काही गिरणी कामगारांचे नातू आहेत. आजोबा कायम कामगार होता, त्याला फंड होता, संघटना होती. नातू ठेकेदाराकडे आहे, उद्या येऊ नको म्हटले की त्याचे काम संपते. जमिनीची किंमत कैक पटींनी वाढली आणि त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या श्रमाची किंमत घसरली. हा हिशेब कोणी मांडीत नाही.

दुसरे उदाहरण अंबाझरीचे. तलावालगतच्या उद्यानाच्या विकासाचे काम खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आले आणि त्या परिसरातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये, कोरोनाच्या काळात, पाडले गेले. २०२३ पासून आपल्या स्त्रियांनी तेथे दीर्घकाळ धरणे धरले. ऊन, पाऊस, थंडी यांत त्या बसून राहिल्या. शहराच्या वरच्या अंगाला, निर्मळ पाण्याशेजारी, आपल्या नावाची एक वास्तू होती. ती गेल्यावर तेथे बसणाऱ्या स्त्रिया बहुतांशी खालच्या अंगाच्या वस्त्यांतून येत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांतल्या एका वृद्ध बाईने मला विचारले, "मास्तर, तलाव सुंदर करावाले आमचं भवन कायले आडवं येत होतं?" मजजवळ उत्तर नव्हते.

तिसरे उदाहरण पुराचे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि खालच्या बाजूच्या सुखवस्तू वसाहतींत पाणी शिरले. माणसे दगावली, गाड्या वाहून गेल्या, सैन्याला बोलवावे लागले. सांडव्याजवळच्या बांधकामांवरून प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्या कुटुंबांच्या दुःखाविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे. परंतु माझ्या लहानपणी आमच्या घरात नदी दर पावसाळ्यात येत असे. माय पिठाचा डबा आढ्याला टांगून ठेवी आणि आम्ही रात्र बाजेवर बसून काढीत असू. तेव्हा कॅमेरे आले नाहीत, याचिका झाली नाही. नदीला अरुंद करून तिच्या पात्रात भिंती घातल्या, तर ती वरच्या अंगालाही सोडीत नाही, एवढे त्या पहाटेने शहराला शिकविले असेल तर बरे.

नागनदीच्या प्रदूषण निवारणासाठी केंद्राने २०२२ मध्ये सुमारे १,९२७ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली. त्यात जपानचे कर्जही आहे. मलनिस्सारणाच्या वाहिन्या व शुद्धीकरण केंद्रे हे त्याचे मुख्य काम असून ते झालेच पाहिजे. शहराचे सांडपाणी गोसीखुर्दपर्यंत जाऊन तेथल्या ढिवरांची मासोळी आणि गावांचे पिण्याचे पाणी नासवीत असेल, तर ही आपल्या खालच्या माणसांवर आपण केलेली अस्पृश्यताच होय. भांडेवाडीला शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते, म्हणजे घाणीलाही बाजारात किंमत येऊ शकते. मग स्वच्छ झालेल्या काठाला किती किंमत येईल! येथेच माझी शंका सुरू होते.

कारण दुसरीकडे काय घडले, ते आपल्यासमोर आहे. अहमदाबादेत साबरमतीचा काठ सुशोभित करताना दहा हजारांहून अधिक कुटुंबांना काठावरून हलविण्यात आले आणि त्यांतील अनेकांची घरे शहराच्या कडेला, कामापासून मैलोगणती दूर गेली. लंडनमध्ये गोदी बंद पडल्यावर १९८१ मध्ये खास महामंडळ नेमून टेम्सच्या काठी बँकांचे मनोरे उभे केले गेले. गोदी कामगारांच्या मुलांना त्या मनोऱ्यांत किती जागा मिळाली, हा वाद तेथे अजून संपलेला नाही. काठ घाण असतो तोवर गरिबाचा. स्वच्छ झाला की तो सर्वांचा म्हणून जाहीर होतो, आणि 'सर्व' या शब्दातून गरीब वगळला जातो.

५

मग आपली भूमिका कोणती असावी? नदी घाणच राहू द्या म्हणजे आमची घरे टिकतील, असे म्हणणे आत्मघाताचे ठरेल. घाणीत राहणे हा आपला हक्क नव्हे, ती आपल्यावर लादलेली जागा होती. महाडला आपण पाण्याला शिवण्याचा हक्क मागितला. आता पाण्याकाठी सन्मानाने राहण्याचा हक्क मागितला पाहिजे. म्हणून काठाच्या कोणत्याही योजनेला आपण काही साधे प्रश्न विचारावेत. आज काठावर राहणाऱ्या कुटुंबांची यादी कोणी केली आहे काय? पूररेषेतून ज्यांना हलविणे खरोखर आवश्यक आहे, त्यांना त्याच परिसरात, मालकी पट्ट्यासह, कामाच्या जागेपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी घर मिळेल काय? प्रकल्पातून निर्माण होणारे काम कायम असेल की ठेक्याचे? आणि नदीची सफाई करताना गटारात माणूस उतरणार नाही याची हमी कोण देईल? हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. तो नागनदीच्या काठीही लागू आहे, याची आठवण करून द्यावी लागू नये.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावयाचा आहे. आपल्यातला जो वर्ग शिकला, नोकरीला लागला, लेआऊटमध्ये गेला, त्याने काठाकडे पाठ फिरविली. त्यात मीही आहे. वस्तीत नोटिसा लागल्या तेव्हा मी निवेदनावर सही केली आणि घरी आलो. चळवळीत सही करणारे पुष्कळ आणि दुसऱ्या दिवशी वस्तीत जाणारे थोडे, अशी आपली अवस्था झाली आहे. प्रस्थापितांवर टीका करणे सोपे आहे. आपल्यातूनच एक लहान प्रस्थापित वर्ग तयार झाला आहे आणि त्यालाही आता तलाव दिसणारी गॅलरी हवी आहे, हे मान्य करणे कठीण आहे.

मुलाला मी अखेर सांगितले की घर घ्यायचे की नाही, हे तू ठरव, तुझ्या कष्टाचा पैसा आहे. मात्र घेतलेस तर त्या गॅलरीत उभे राहून तुझ्या पोरांना सांग, की समोर दिसते ते पाणी गोंडांच्या काळचे आहे, शेजारच्या जमिनीवर एक गिरणी होती, तिच्या रिंगखात्यात त्यांचा पणजोबा उभा असे, आणि तो ज्या नदीकाठी राहत होता तेथे आजही माणसे राहतात. त्यांना तेथे घेऊन जा. मुलगा काही बोलला नाही. पुढच्या रविवारी मात्र तो नातवंडांना घेऊन आला आणि आम्ही पारडीच्या अंगाने नदीकाठाने चाललो. वास येत होता. धाकटीने नाकाला रुमाल लावला आणि हा नाला कोठे जातो, असे विचारले.

मी तिला नदीचे नाव सांगितले.